चॅट बॉटचा कमांड हँडलर लिहिताय? या चुका टाळा

कमांड हँडलर म्हणजे बॉटला चॅटमधून मिळालेल्या आज्ञा (कमांड) हाताळणारा कोड. त्याचं काम पाच पायऱ्यांचं आहे. आलेला मजकूर कमांड आहे का ते ओळखायचं, कोणती कमांड ते शोधायचं, पाठवणाऱ्याला ती चालवायचा हक्क आहे का ते तपासायचं, ती चालवायची आणि उत्तर परत द्यायचं. लोकांचे बिघडलेले बॉट बघताना मला जे सापडतं, त्यात बहुतेक वेळा यातली एखादी पायरी गाळलेली असते, नाहीतर दोन पायऱ्या एकमेकींत कालवलेल्या असतात. बॉट चालू असतानाच नवीन कोड चढवायची सोय, प्लगइन, सजवलेलं मदतीचं पान हे सगळं मात्र पहिल्या आठवड्यातच तयार असतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण पाया कच्चा राहिला की त्याचा त्रास बॉट वापरणाऱ्याला होतो, लिहिणाऱ्याला नाही.

कमांडचं नाव रेजेक्सने उचलणं

रेजेक्स म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधायचं सूत्र. त्याने कमांडचं नाव उचलणं ही माझ्या यादीतली पहिली चूक आहे, आणि मराठीत बॉट लिहिणाऱ्यांनी तर ती भिंतीवर लिहून ठेवावी.

जवळजवळ प्रत्येक शिकवणीत कमांडची खूण म्हणून सुरुवातीला टाकलेल्या उद्गारचिन्हानंतरचा शब्द बॅकस्लॅश डब्ल्यू (\w) या रेजेक्सच्या चिन्हाने पकडायला सांगतात. जावास्क्रिप्टमध्ये हे चिन्ह फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतं, त्यामुळे तिथे देवनागरी कमांड अजिबातच चालत नाही आणि चूक लगेच कळते. पायथनमधला प्रकार जास्त घातक आहे. पायथनच्या मूळ रेजेक्स मॉड्यूलला देवनागरी व्यंजनं अक्षर म्हणून चालतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही चिन्हं चालत नाहीत, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, त्यांचा वर्ग वेगळा आहे. म्हणून ‘मदत’ आणि ‘बदल’ पूर्ण उचलले जातात, पण ‘नोंद’चा उरतो ‘न’ आणि ‘यादी’चा ‘य’.

एका स्वयंसेवी गटाच्या सामानाची नोंद ठेवणारा बॉट माझ्याकडे आला होता. जुन्या नोंदी आपोआप गायब होतात, अशी तक्रार होती. गटात एकमेकांवर संशय सुरू झाला होता, पासवर्ड बदलून झाले होते, एकाचे अधिकारही काढून घेतले होते. मी आधी बॉट सुरू होताना नोंदवलेल्या कमांडांची यादी छापून बघितली. कमांडच्या फायली जितक्या होत्या त्यापेक्षा यादीत एक नाव कमी निघालं.

झालं होतं असं. कमांड नोंदवतानाही नाव ‘स्वच्छ’ करायला तोच रेजेक्स वापरला होता. दोन्ही बाजूंना नाव सारखंच कापलं जात असल्यामुळे ‘नोंद’ आणि ‘यादी’ व्यवस्थित चालत होत्या आणि कोणाला काही खटकलं नव्हतं. मग कोणीतरी ‘किती’ ही नवी कमांड घातली. ‘किती’चा झाला ‘क’. नोंदी पुसणारी ‘काढ’ ही कमांड आधीपासून होतीच, तिचाही ‘क’च होत होता. फायली इंग्रजी नावांच्या क्रमाने चढत होत्या आणि ‘काढ’ची फाईल नंतर येत होती, त्यामुळे तिने ‘किती’ची जागा काही न बोलता घेतली. जुन्या नोंदी किती आहेत हे बघायला एखाद्याने ‘!किती जुने’ लिहिलं की बॉट ‘काढ जुने’ चालवायचा. पुसण्याआधी विचारण्याची सोय नव्हती.

यावर माझी सवय साधी आहे. अक्षर म्हणजे काय, हे मी रेजेक्सला विचारत नाही. सुरुवातीचं चिन्ह काढून टाकते, तिथून पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत जे असेल ते कमांडचं नाव, आणि ते थेट डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि त्याची कमांड अशा जोड्यांच्या यादीत, शोधते. एकच नाव दुसऱ्यांदा नोंदवायचा प्रयत्न झाला तर बॉट सुरूच होऊ देत नाही. ही दुसरी अट कोणत्याही भाषेतल्या बॉटला हवी, कारण डिक्शनरी जुनी किंमत पुसताना आवाज करत नाही. डिस्कॉर्ड या चॅट सेवेने स्लॅश कमांडच्या (तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या कमांडच्या) नावांसाठी जो नियम छापला आहे, त्यात ‘कोणतंही अक्षर’ एवढ्यावर न थांबता देवनागरी आणि थाई लिप्या वेगळ्या नमूद केल्या आहेत. त्यांना जे करावं लागलं ते तुम्हालाही करावं लागणार.

याच्याच जोडीला युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, येतं. ‘ऱ’ हे अक्षर एका कीबोर्डवरून एकच कोडपॉइंट (युनिकोड क्रमांक) म्हणून येतं, तर दुसऱ्यावरून ‘र’ आणि खाली नुक्ता असं दोन मिळून. डोळ्यांना फरक दिसत नाही, तुलना मात्र फसते. एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या रूपात आणलं की हे दोन्ही एक होतात. पण ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही जण र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहितात. त्याला एनएफसी हात लावत नाही, ते रूप स्वतः बदलून घ्यावं लागतं. हा बदल फक्त कमांडचं नाव जुळवण्यापुरता करा. माणसाने लिहिलेला बाकीचा मजकूर जसा आला तसाच साठवा.

आणि फोनचे कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं करतात, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतात. टर्मिनलसारखे, दोन रेघांनी सुरू होणारे पर्याय चॅटमध्ये आणण्याचा हट्ट सोडा. शेवटच्या आर्ग्युमेंटला (कमांडला दिलेल्या माहितीच्या तुकड्याला) उरलेला सगळा मजकूर देऊन टाका, अवतरणचिन्हांची गरजच उरत नाही.

काम संपल्यावर पोच देणं

दुसरी चूक याहून महाग पडते. रजेचे अर्ज घेणारा टेलिग्रामवरचा एक बॉट होता. एका अर्जाच्या कधी दोन तर कधी तीन नोंदी व्हायच्या आणि माणसाच्या शिल्लक रजा तेवढ्या कमी व्हायच्या. ‘लोक बटण दोनदा दाबतात’ असं निदान झालं होतं. मग मोठा सर्व्हर घेतला गेला. काही दिवस बरं वाटलं, महिनाअखेरीची गर्दी झाली आणि तेच पुन्हा.

टेलिग्राम वेबहूकवर, म्हणजे बॉटने दिलेल्या वेब पत्त्यावर, अपडेट (नवा संदेश किंवा बटण दाबल्याची माहिती) पाठवतं आणि यशस्वी उत्तराची, म्हणजे पोचेची, वाट बघतं. ते मिळालं नाही तर तेच अपडेट पुन्हा पाठवतं. हा बॉट आधी डेटाबेसमध्ये नोंद करायचा, मग पीडीएफ बनवायचा, मग वरिष्ठांना मेल पाठवायचा आणि सगळं आटोपल्यावर पोच द्यायचा. मेल सर्व्हर रेंगाळला की पोच वेळेत जायची नाही, टेलिग्राम अपडेट पुन्हा पाठवायचं, आणि बॉटच्या दृष्टीने तो नवा अर्ज असायचा. लोकांनी बटण एकदाच दाबलेलं होतं.

प्रत्येक अपडेटला टेलिग्राम एक क्रमांक देतं. तो क्रमांक युनिक बंधन असलेल्या (एकच किंमत दोनदा न घेणाऱ्या) तक्त्यात आधी लिहा. लिहिता आला तर काम रांगेत टाका आणि लगेच पोच द्या. बंधन आडवं आलं तर अपडेट आधीच मिळालेलं आहे, फक्त पोच द्या. रांगेतलं काम मागाहून सावकाश होऊ दे. हे क्रमांक नुसते मेमरीत ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बॉट पुन्हा सुरू झाला की ती आठवण जाते, आणि गडबडीचा काळ नेमका तोच असतो.

बाकी ठिकाणीही घड्याळ लागलेलं आहे. स्लॅक या ऑफिसच्या चॅट सेवेत स्लॅश कमांडला ३ सेकंदांत पोच द्यावी लागते, आणि त्यांच्या इव्हेंट्स एपीआयमधली (बॉटला घटना कळवणाऱ्या सोयीमधली) घटना वेळेत स्वीकारली नाही तर ती आणखी ३ वेळा येऊ शकते. डिस्कॉर्डच्या स्लॅश कमांडलाही पहिल्या उत्तरासाठी ३ सेकंदच मिळतात. ‘उत्तर देतोय, थांबा’ असं कळवलं तर १५ मिनिटं हातात येतात. ते कळवलं नाही तर वापरणाऱ्याला अपयशाचा संदेश दिसतो, काम मात्र मागे चालूच असतं. मग तो माणूस कमांड पुन्हा देतो, म्हणजे इथे दुबार नोंद माणसाच्या हातून होते. म्हणून उशीर लागू शकणारी प्रत्येक कमांड आधी मुदत मागून घेईल, ही जबाबदारी फ्रेमवर्कची, म्हणजे कमांडांभोवतीच्या सांगाड्याची. कमांड लिहिणाऱ्याच्या लक्षात राहील, या भरवशावर ती सोडू नका.

वेबहूक नको म्हणून पोलिंग करत असाल, म्हणजे नवीन काही आलंय का हे बॉट स्वतःच विचारत असेल, तरी सुटका नाही. ऑफसेट (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) पुढे सरकवण्याआधीच एखाद्या संदेशाने बॉट कोसळला, तर पुन्हा सुरू झाल्यावर तोच संदेश पहिला येतो आणि बॉट पुन्हा कोसळतो. टेलिग्राम न उचललेली अपडेट्स २४ तासांपर्यंत ठेवतं, तेवढा वेळ हे चक्र चालू शकतं.

हक्काची तपासणी प्रत्येक कमांडच्या आत

‘अ‍ॅडमिन आहे का’ ही ओळ प्रत्येक कमांडमध्ये चिकटवणाऱ्याकडून ती एके दिवशी राहणारच. माझ्या हँडलरमध्ये कमांड नोंदवताना ती कोणासाठी आहे हे सांगावंच लागतं. सांगितलं नाही तर नोंद होत नाही. सगळ्यांसाठी असेल तर ‘सगळ्यांसाठी’ असं लिहावं लागतं.

बटणं इथे हमखास विसरली जातात. कमांड अ‍ॅडमिनने दिली, बॉटने गटात ‘पुसू का?’ असं विचारत बटण दाखवलं, आणि ते बटण गटातल्या कोणालाही दाबता येतं. दाबणारा कोण आहे हे त्या क्षणी पुन्हा तपासा. ओळख नेहमी अंकी आयडीवरून पटवा, वापरकर्त्याचं नाव बदलता येतं.

बटणाच्या डेटात सगळं कोंबणं

टेलिग्रामच्या बटणामागचा डेटा जास्तीत जास्त ६४ बाइट. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानामात्रा धरून, ३ बाइट घेतं, म्हणजे मावतात फक्त २१ चिन्हं. तिथे एक छोटी किल्ली ठेवा, बाकी डेटाबेसमध्ये.

एरर जशीच्या तशी गटात टाकणं

टेलिग्रामच्या एपीआयचा टोकन (बॉटचा गुप्त पासवर्डच) पत्त्यातच, म्हणजे यूआरएलमध्येच असतो. नेटवर्कची एरर पूर्ण छापली तर टोकन सगळ्या गटासमोर येतो. एरर एकाच ठिकाणी पकडा, वापरणाऱ्याला एक वाक्य आणि एक खूणक्रमांक द्या, तपशील लॉगमध्ये टाका. लॉगमधूनही टोकन खोडा. आणि एरर पकडून गिळून टाकणाऱ्या रिकाम्या ब्लॉकला मी कधीच मान्यता देत नाही.

आणखी काही, थोडक्यात

बॉटने बॉटला उत्तर देऊ नये. मे १९९३ च्या आरएफसी १४५९ या नियमपत्रात आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीसाठी नोटीस प्रकारच्या संदेशांना आपोआप उत्तर देण्यास मनाई आहे, आणि ती अशी चक्रं टाळण्यासाठीच.

लांब उत्तर तोडून पाठवा. साध्या संदेशाला डिस्कॉर्डवर २००० आणि टेलिग्रामवर ४०९६ कॅरेक्टरची मर्यादा आहे.

टेलिग्रामच्या गटात कमांडमागे अ‍ॅट चिन्ह आणि बॉटचं नाव जोडलेलं येऊ शकतं. ते नाव आपलंच आहे का, हे बघून मगच काढा.

मदतीचा मजकूर हाताने लिहू नका. नोंदवलेल्या कमांडांमधून तयार करा, आणि विचारणाऱ्याला ज्या चालवता येतात तेवढ्याच दाखवा.

कमांडला लायब्ररीला बांधून टाकणं

घाईतल्या लोकांना हा आडवळणाचा सल्ला वाटतो, पण याच्यावर मी ठाम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये डिस्कॉर्ड डॉट पाय या लायब्ररीचं (डिस्कॉर्डचे बॉट लिहायच्या तयार पायथन कोडचं) काम थांबवल्याचं तिच्या मूळ लेखकाने जाहीर केलं. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण मधल्या काळात अनेकांना दुसऱ्या लायब्ररीकडे जावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून डिस्कॉर्डने मोठ्या बॉटांना संदेशाचा मजकूर वाचायला वेगळी परवानगी लावली, आणि उद्गारचिन्हावर चालणाऱ्या कमांडा स्लॅश कमांडांमध्ये हलवाव्या लागल्या. ज्यांच्या प्रत्येक कमांडमध्ये लायब्ररीचा संदेश ऑब्जेक्ट शिरलेला होता, त्यांना सगळं नव्याने लिहावं लागलं.

कमांडला साधी माहिती द्या: कोणी, कुठून, कोणती आर्ग्युमेंट्स. तिने साधं उत्तर परत करावं. पाठवणं, तोडणं, मुदत मागणं हे बाहेरच्या थराचं काम. अशी कमांड नेटवर्कशिवाय टर्मिनलवरून चालवून बघता येते, आणि ‘किती’ने ‘काढ’ चालवलं तर ते खऱ्या नोंदी पुसल्या जाण्याआधी दिसतं.