भेंडीचं घरचं बी धरायचंय? मग झाड असं निवडा

कराड-वाळव्याकडं बऱ्याच जणांची पद्धत अशी की प्लॉटमधलं सगळ्यात डेरेदार झाड बघायचं, दोरा बांधायचा आणि त्याचंच बी ठेवायचं. पण ते झाड ठिबकच्या गळक्या जॉइंटपाशी असलं तर तो जोर पाण्याचा, आणि पाणी काय बियातून पुढच्या साली उतरत नाही. झाडाझाडातल्या फरकात रक्तातला वाटा किती, त्यालाच हेरिटॅबिलिटी म्हणतात, आणि तोच ओळखायचाय.

पहिलं म्हणजे फरक तर पाहिजे. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका असल्या वाणाचं एकदम शुद्ध बी असंल तर सगळी झाडं रक्तानं जवळपास सारखीच, त्यात निवडून हाताला फारसं काही लागत नाही. चार घरचं गावठी बी एकत्र टोका, नाहीतर दोन वाणांचा संकर करून त्याची दुसरी पिढी घ्या.

मग प्लॉटचे सारखे वाफे पाडा आणि प्रत्येक वाफ्यातली चांगली दोन-तीन झाडं त्याच वाफ्यातल्या शेजाऱ्यांशी तुलना करून निवडा, पूर्ण रानातून नको, कारण एका कोपऱ्याची माती भारी असते आणि सगळी निवड तिथंच जाऊन बसते. बांधाकडच्या ओळी सोडा, त्यांना ऊन-हवा जादा मिळते. केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, पांढरी माशी पसरवते, त्यामुळं एखादं झाड नुसतं नशिबानं वाचलेलं असू शकतं, पण आजूबाजूची सगळी पिवळी पडली आणि मधलं एकच हिरवंगार राहिलं तर त्यावर खूण कराच. सुरुवातीच्या तोड्यांना शेंगा मोजून वहीत लिहा, बियाच्या शेंगा त्यानंतर राखा, आधीच राखल्या तर झाडाचा बहर कमी होतो आणि मोजणी फसते.

भेंडीत परागीकरण बरंचसं स्वतःचं होतं, पण मधमाशा मिसळ करतातच. म्हणून संध्याकाळी फुगलेली, टोकाला पिवळी पाकळी डोकावणारी कळी बघा, ती सकाळी उमलणार, तिच्यावर बटर पेपरची पिशवी चढवून दोरा बांधा. फूल मिटून गळालं की पिशवी काढा आणि देठाला खूण करा.

आता खरी परीक्षा. निवडलेल्या झाडांचं बी वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा आणि न निवडता कुठल्याही झाडांचं मिसळ बी पण ठेवा, पुढच्या साली दोन्ही शेजारीशेजारी टोका. समजा प्लॉटची सरासरी झाडामागं 15 शेंगा होती आणि निवडलेल्यांची 20, म्हणजे 5 जादा. पुढच्या साली मिसळ बियाला 15 आणि निवडीच्या बियाला 17 आल्या तर 5 पैकी 2 उतरल्या, हेरिटॅबिलिटी 40 टक्के. मिसळ ओळ नसंल तर पाऊसपाण्याचा फायदा तुम्ही बियाच्या नावावर लिहाल.

आकडा कमी आला तर एकेका झाडावर जाऊ नका, एका झाडाच्या बियाची अख्खी ओळ करा, ती दोन-तीन ठिकाणी लावा आणि ओळीची सरासरी बघून निवडा.