पोटाचा कॅन्सर टाळायला कुठली औषधं घ्यायची आणि कुठल्या बाटल्या कपाटातच ठेवायच्या

देवगडात आमचं मेडिकल आहे. गणपतीत चाकरमानी आले की कोणीतरी पिशवीतून बाटली काढून विचारतंच, "ताई, ह्या कॅप्सूलनी पोटाचा कॅन्सर होत नाय ना?" लसणाच्या, हळदीच्या, सेलेनियम नावाच्या खनिजाच्या, काय काय असतात. माझे सख्खे काका ह्याच कॅन्सरने गेले, त्याआधी वर्षभर आमच्याच दुकानातून गॅसच्या गोळ्या नेत होते आणि मी देत होते. म्हणून नीट लिहितेय, कशानंतर काय करायचं ते.

पहिलं, गॅसची गोळी किती दिवस चालूय ते मोजा. दोन-तीन आठवडे झाले आणि बंद केली की परत जळजळ, तर डॉक्टरकडे जा, नवीन पाकीट घेऊ नका. ह्या गोळ्यांनी अॅसिड कमी होतं, बरं वाटतं, पण आत काय चाललंय ते झाकलं जातं. वजन उतरतंय, चार घासात पोट भरतंय, गिळताना अडकतंय, सारखी उलटी होतेय, रक्त कमी झालंय, शी डांबरासारखी काळी होतेय, यातलं एक जरी असलं तरी लवकर दुर्बिणीची तपासणी म्हणजे एंडोस्कोपी. (लोहाच्या गोळ्यांनीपण शी काळी होते, त्या चालू असतील तर तसं सांगा.)

दुसरं, जंतूची टेस्ट. पोटाच्या कॅन्सरमागचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ सालीच त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. बहुतेकांना तो लहानपणीच घरातून लागतो आणि वर्षानुवर्षं पोटात सूज ठेवतो. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो आणि त्यातल्या थोड्यांनाच कॅन्सर होतो, त्यामुळे घाबरून जायचं नाही. पण आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाला पोटाचा कॅन्सर झाला असेल किंवा तुम्हाला अल्सर असेल तर डॉक्टरांना टेस्टबद्दल स्वतःहून विचारा. शीची अँटीजेन टेस्ट किंवा श्वासाची टेस्ट मागा, कारण रक्तातली अँटीबॉडी जंतू मेल्यावरपण पॉझिटिव्ह राहते. आणि टेस्टच्या आधी दोन आठवडे गॅसची गोळी व चार आठवडे अँटिबायोटिक बंद असायला लागतं, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो, हे सांगायचं फार वेळा राहून जातं. कुठली गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारूनच.

तिसरं, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर जंतू मारणाऱ्या औषधांचा कोर्स पुरा करा. कॅन्सर टाळणारं म्हणून सगळ्यात भक्कम पुरावा असलेलं औषध हेच. चीनमधल्या शांडोंग प्रांतात लिन्चू नावाच्या भागात १९९५ साली लोकांना फक्त दोन आठवडे हे औषध दिलं आणि २२ वर्षांनी पाहिलं तर कॅन्सरची शक्यता साधारण निम्म्यावर आली होती. कोरियात घरात कॅन्सर झालेल्यांवर अभ्यास झाला, तिथेपण तसंच. साधारण १४ दिवस, अॅसिड कमी करणारी गोळी आणि सोबत दोन-तीन औषधं. तोंड कडू होतं, मळमळतं, बिस्मथ असेल तर जीभ आणि शी काळी पडते, आणि पाचव्या दिवशी माणूस म्हणतो आता बरं वाटतंय, बास. असं अर्ध्यावर सोडलं की जंतू मरत नाही आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होतं. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू बंद. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन दुकानात येऊ नका, मी देणार नाही.

चौथं, परत टेस्ट. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी. लोक हीच विसरतात.

आता त्या बाटल्या. लिन्चूतच काहींना व्हिटॅमिन सी, ई आणि सेलेनियम सात वर्षं दिलं, त्यांनाही फायदा दिसला, पण तिथल्या लोकांच्या जेवणात हे कमी होतं. आपल्याकडे पेरू, आवळा, शेवग्याचा पाला, लाल माठ, ताजी मासळी खाणाऱ्याला बाटलीने तेवढंच मिळेल असं धरू नका. उलट नुकसान होऊ शकतं, फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन (ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं) दिलं तर फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला, हे १९९४ मध्ये कळलं. हळदीच्या जादा ताकदीच्या कॅप्सूलनी काहींच्या लिव्हरला त्रास झालाय, आमटीतली हळद वेगळी. अॅस्पिरिन तर कोणी सांगितली म्हणून सुरूच करू नका, पोटात रक्तस्राव होतो.

जेवणात आपल्याकडे बघायचं ते मीठ. आगोटीला भरलेला जवळा, सुके बोंबील साधारण बिनमिठाचे वाळवतात, पण खारा बांगडा, मिठातल्या कैऱ्या, खारातलं लोणचं पेजेबरोबर रोज नको. बांगडा रात्रभर भिजवून पाणी दोनदा बदला, आमची आई असाच करते. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद, दारूसुद्धा.

काकांच्या दोन्ही मुलांना मी टेस्टला पाठवलं. थोरल्याची पॉझिटिव्ह आली, चौदा दिवस काढले कसेतरी, दीड महिन्यानी परत केली तर निगेटिव्ह. एंडोस्कोपीत पोटाचं अस्तर थोडं पातळ झालेलं दिसलं म्हणून डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय, ती दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.