सॉफ्टवेअर सेवांचे नियम मराठीत लिहिताना या चुका टाळा

रावेर-यावलकडच्या केळी व्यवहारासाठी सॉफ्टवेअर करायचे म्हटले, की वजन, गाडी, बिल, पेमेंट अशा वेगवेगळ्या सेवा, म्हणजे एकेक काम सांभाळणारे स्वतंत्र प्रोग्राम, आल्या. कोणी कोणाला काय कळवायचे, हे ठरलेल्या साच्यातल्या मराठी वाक्यांत लिहिले तर शेतकरी आणि व्यापारीही ते वाचून चूक दाखवू शकतात. म्हणूनच ही वाक्ये सैल राहू देऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती कर्ता गाळण्याची चूक. ‘वजन झाल्यावर पैसे जमा केले जातील.’ बैठकीत हे वाक्य सगळ्यांना पटते. पण जमा करणार कोण? बिलवाले म्हणतात पेमेंटवाले करतील, पेमेंटवाले म्हणतात बिलवाले सांगतील. त्याऐवजी असे लिहा: ‘“वजन पक्के” हा निरोप आला, की बिल सेवा बिल तयार करेल. व्यापाऱ्याने बिल मंजूर केले, की बिल सेवा पेमेंट सेवेला पैसे पाठवायला सांगेल.’ रोल्स-रॉइसमध्ये आलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलेली, यंत्रणेने काय करायचे हे लिहिण्याची ‘इअर्स’ पद्धतही अशाच मोजक्या साच्यांची आहे.

दुसरी चूक पैशांवर बेतते. शेतात रेंज गेली आणि उत्तर आले नाही, म्हणजे काम झाले नाही असे समजू नका. कधी पैसे पोहोचलेले असतात, फक्त पोच अडकलेली असते. नियमात दोन्ही बाजू हव्यात: ‘30 सेकंदांत पोच आली नाही, तर बिल सेवा त्याच व्यवहार क्रमांकाने पुन्हा विचारेल. तो क्रमांक आधी आलेला असेल, तर पेमेंट सेवा पुन्हा पैसे न पाठवता जुनेच उत्तर देईल.’ यातले दुसरे वाक्य हमखास राहते आणि एकाच मालाचे पैसे दोनदा जातात.

गाडी रद्द झाल्यावर ‘सगळे पूर्ववत होईल’ असेही लिहू नका. गेलेली उचल आपोआप परत येत नाही; ती वसूल करणारा उलटा व्यवहार वेगळा लिहावा लागतो. गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी 1987 मध्ये मांडलेल्या ‘सागा’ कल्पनेचा, म्हणजे लांब व्यवहार छोट्या टप्प्यांत करण्याच्या पद्धतीचा, गाभा हाच आहे.

एकाच गोष्टीला कुठे गाडी, कुठे ट्रक, कुठे वाहन म्हणू नका. एकच नाव धरा.

हेच नियम पुढे चाचणीसाठी वापरायचे असतील, तर गर्किनमध्ये, म्हणजे चाचण्या साध्या वाक्यांत लिहिण्याच्या भाषेत, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’ हे मराठी कीवर्ड चालतात. मात्र फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचे नोंदवा. नाहीतर ती फाइल वाचून चाचण्या चालवणारे क्युकंबर हे साधन इंग्रजी कीवर्ड शोधत बसते आणि फाइल वाचतानाच एरर येते.