ई-दिवाळी अंक पाठवण्याआधी: अनुक्रमणिकेतल्या लिंक्सची तयारी

छापील दिवाळी अंक हातात असला की अनुक्रमणिका बघायची आणि अंगठ्याने पानं भराभर सोडत पान ९४ गाठायचं. फोनवर दीडशे पानांची पीडीएफ उघडलेल्या वाचकाला हे जमत नाही. तो कथेच्या नावावर बोट टेकवतो. काहीच झालं नाही तर आणखी दोनदा टेकवतो आणि अंक मिटतो. कुणीतरी सहा महिने खपून लिहिलेली कथा न वाचलेलीच राहते. म्हणून आमच्या अंकाची शेवटची फाइल तयार होते त्या दिवशी मी मुद्रितशोधनाइतकाच वेळ लिंक्ससाठी राखून ठेवतो, आणि तुम्हीही ठेवा असं सांगतो.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पीडीएफमधल्या लिंकला दोन टोकं असतात. एक टोक म्हणजे पानावरचा न दिसणारा चौकोन, जिथे बोट टेकतं. दुसरं म्हणजे पोचण्याची जागा. ती कधी थेट ‘अमुक पान, अमुक उंची’ अशी नोंदवलेली असते, तर कधी तिला नाव दिलेलं असतं आणि त्या नावांची यादी फाइलमध्ये वेगळी ठेवलेली असते. अक्षरं निळी आहेत, खाली रेघ आहे, याचा या दोन्हींशी काही संबंध नाही. तेव्हा पहिली तपासणी अशी करा: संगणकावर पीडीएफ उघडून माऊस अनुक्रमणिकेतल्या नावावर न्या. बाणाचा हात झाला नाही, तर पहिलं टोकच तयार झालेलं नाही. हात झाला पण क्लिक केल्यावर पान हललं नाही किंवा भलतीकडे गेलं, तर दोष दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष दुसऱ्या टोकालाच निघतो, आणि लोक मात्र पहिल्या टोकाला रंग देत बसतात.

हातच होत नसेल, तर फाइल कुठल्या वाटेने निघाली ते विचारा. बहुतेक वेळा कुणीतरी ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडलेलं असतं. ती वाट फक्त कागदावर दिसेल तेवढंच उचलते, लिंक उचलत नाही. वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’, क्रोममधून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ हीच वाट धरा. मॅकवरच्या वर्डमध्ये साठवताना ‘बेस्ट फॉर प्रिंटिंग’ आणि ‘बेस्ट फॉर इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युशन’ असे दोन पर्याय दिसतात, त्यातला दुसरा घ्या. अंक इनडिझाइन या पानं लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये लावला असेल, तर एक्स्पोर्टच्या चौकटीत ‘बुकमार्क्स’ आणि ‘हायपरलिंक्स’ या दोन्ही खुणा आहेत ना, ते बघा. छापखान्यासाठी काढलेली फाइलच वाचकांना पाठवली की नेमक्या याच खुणा राहून जातात.

वर्डमध्ये अनुक्रमणिका हाताने टाइप करू नका. प्रत्येक लेखाच्या नावाला ‘हेडिंग १’ ही शैली द्या आणि ‘रेफरन्सेस’मधून अनुक्रमणिका काढून घ्या. मग वर्ड प्रत्येक शीर्षकाला स्वतःचा छुपा बुकमार्क लावतो आणि लिंक त्या बुकमार्ककडे जाते. गडबड होते ती ऐनवेळी. लेखकाचा सुधारित मजकूर येतो, आपण शीर्षकासकट सगळं निवडतो आणि नवीन चिकटवतो. जुन्या शीर्षकाबरोबर बुकमार्कही पुसला जातो, आणि पानाच्या आकड्याच्या जागी ठळक अक्षरांत ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ उमटतं. म्हणून नवा मजकूर शीर्षकाच्या खालून चिकटवा. पीडीएफ काढण्याच्या अगदी आधी अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ-९ दाबा आणि ‘अपडेट एंटायर टेबल’ निवडा. नुसते पान क्रमांक बदलून भागत नाही.

आता एचटीएमएलपासून, म्हणजे वेबपानं ज्यात लिहितात त्या भाषेतल्या फाइलपासून, पीडीएफ करणाऱ्यांसाठी. इथे जास्त थांबतो, कारण मराठीचा खरा त्रास इथेच आहे. लिंकमध्ये लिहिलेलं नाव आणि शीर्षकाला दिलेली आयडी, म्हणजे त्याचं न दिसणारं ओळखनाव, अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. आपल्या अंकात ‘पायऱ्या’ नावाची कथा आहे असं धरा. अनुक्रमणिका एकाने टाइप केली, कथा दुसऱ्याने. एकाच्या कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्याचा कळफलक साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून तोच आकार उमटवतो. पडद्यावर ‘पायऱ्या’ आणि ‘पायर्‍या’ इतके सारखे दिसतात की मुद्रितशोधकालाही फरक सांगता येणार नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि लिंक मुकाट्याने मरते. तिसरा प्रकार र-खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन होतो. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणं) करून घेतलं की हा तिसरा प्रकार पहिल्यात मिसळतो, पण जोडचिन्हाचा प्रकार तसाच उरतो. शिवाय मधल्या एखाद्या टप्प्यावर देवनागरी नावाचं टक्क्याच्या चिन्हांत रूपांतर होतं. एका ‘क’ची तिथे नऊ चिन्हं होतात. एका टोकाला रूपांतर झालं आणि दुसऱ्याला नाही, की पुन्हा तीच गत. मी या सगळ्याला कंटाळून एकच नियम पाळतो: दिसणारं शीर्षक देवनागरीत, आयडी रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, मध्ये मोकळी जागा नाही, आणि पूर्ण अंकात एक आयडी एकदाच. सगळे लेख एकाच साच्यातून आले असतील तर साच्यातली आयडी प्रत्येक लेखात तशीच राहते आणि कुठल्याही नावावर क्लिक केलं तरी वाचक पहिल्या लेखावर येतो.

आयडी अशा घटकावर द्या जो पानावर खरंच दिसतो. ‘डिस्प्ले नन’ करून लपवलेल्या घटकाला पानावर जागाच नसते, मग तिथे पोचायचं कसं? एचटीएमएलची पीडीएफ करणारा वीझीप्रिंट हा प्रोग्रॅम वापरत असाल तर रूपांतर चालू असतानाचे संदेश वाचा. ‘नो अँकर’ अशी तक्रार करून तो कुठलं नाव सापडलं नाही तेही सांगतो. त्या ओळी शून्य होईपर्यंत पुढे जाऊ नका. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ या त्याच कामाच्या जुन्या प्रोग्रॅमवर कुणी अजून काम करत असेल, तर त्याचं क्यूटी (तो ज्याच्या आधारावर चालतो ते सॉफ्टवेअर) दुरुस्त केलेलं आहे का ते बघा. दुरुस्त न केलेल्या आवृत्तीत लिंक्स आणि अनुक्रमणिका या सोयीच नसतात. तो प्रकल्पही 2023 पासून बंद ठेवलेला आहे, तेव्हा नव्या अंकासाठी मी तो सुचवणार नाही. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत अंक लावणाऱ्यांनी लिंक्ससाठीचं हायपररेफ हे पॅकेज घेऊन निदान दोनदा फाइल चालवावी. आकृतीची लिंक चित्राच्या खाली मथळ्यावर उतरत असेल तर हायपकॅप हे पॅकेजही लावावं.

एका वर्षी आमच्या अंकाच्या सगळ्या लिंक्स माझ्या संगणकावर छान चालत होत्या, पण वाचकांकडे एकही नाही. कारण सापडायला रात्र गेली. लिंकमध्ये आयडीच्या आधी मूळ एचटीएमएल फाइलचं नाव राहिलं होतं. रूपांतर करताना त्याचा माझ्या डिस्कवरचा पूर्ण पत्ता झाला. माझ्याकडे ती फाइल होती, म्हणून क्लिक केल्यावर ब्राउझरमध्ये तोच लेख उघडायचा, आणि मी घाईत ते पीडीएफचं पानच समजलो. तेव्हापासून तपासणीआधी मी मूळ फाइलींच्या फोल्डरचं नाव बदलतो. पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचातलं पीडीएफ-इन्फो हाताशी असेल, तर त्यातून बाहेर जाणाऱ्या पत्त्यांची आणि आतल्या नावांची यादी काढता येते. पत्त्यांत ‘फाइल’ने सुरू होणारी एकही ओळ नको.

मुखपृष्ठ, जाहिराती आणि लेख वेगवेगळ्या पीडीएफमधून जोडणार असाल तर सावध राहा. पानं उचलताना लिंकचा चौकोन पानाबरोबर येतो, पण नावांची यादी पूर्ण फाइलची असते, ती मागे राहू शकते. दोन भागांत एकच नाव असेल तर एकाच्या लिंक्स दुसऱ्यात जातात. माझं मत विचाराल तर आधी सगळं जोडा आणि लिंक्स शेवटी एकदाच तयार होऊ द्या. पान क्रमांक देऊन प्रोग्रॅममधून लिंक लावत असाल, तर बहुतेक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, पानं शून्यापासून मोजतात हे विसरू नका, आणि मुखपृष्ठाची चार पानंही धरा. वाचक पानाच्या वरच्याऐवजी तळाशी उतरत असेल, तर उंची उलटी मोजली गेली आहे. पीडीएफ खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतं, एक इंच म्हणजे ७२ पॉइंट, ए-फोरची उंची सुमारे ८४२.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात लावलेला लेख असेल तर लिंक चालेल, पण बाजूच्या बुकमार्कच्या पट्टीत शीर्षकाऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. निदान शीर्षकं तरी युनिकोडमध्ये आणा.

आणि हे सगळं ज्या फाइलवर तपासायचं ती म्हणजे आकार कमी करून झालेली, वाचकांना जाणार असलेली फाइल, आधीची नव्हे. ती फोनवर मागवा. निरोपाच्या ॲपमधल्या झलकेवर विसंबू नका, स्वतंत्र पीडीएफ ॲपमध्ये उघडा. पहिली नोंद, मधली एखादी आणि ‘ऱ्या’ असलेली प्रत्येक नोंद दाबून बघा, प्रत्येक वेळी ‘अनुक्रमणिकेकडे’ या लिंकने परत या. शेवटी वार्षिक राशिभविष्य दाबा. आमचे बरेच वाचक आधी तिथेच जातात.