पायाभूत चाचणीच्या गुणांचे पुढे काय करावे?

वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि नंतरच्या संकलित मूल्यमापनाच्या दोन चाचण्या राज्यातील शिक्षकांच्या परिचयाच्या आहेत. गुण पोर्टलवर भरले की काम संपले, हा समजही तितकाच रुळलेला आहे. एकूण गुणांवरून वर्गाची उतरती यादी तयार होते, उद्या काय शिकवावे हे मात्र कळत नाही. त्यासाठी उत्तरपत्रिका तपासतानाच एक तक्ता आखावा. डावीकडे विद्यार्थ्यांची नावे, वर प्रश्नक्रमांक व त्याखाली संबंधित अध्ययन निष्पत्ती (म्हणजे त्या प्रश्नातून मुलाला काय येते हे तपासायचे आहे, ते) लिहावी आणि उत्तर चुकले असल्यास चौकटीत फुली न मारता ते उत्तर जसेच्या तसे नोंदवावे.

फुली का नको, हे 503 − 278 या वजाबाकीवरून ध्यानात येईल. योग्य उत्तर 225 आहे. ज्याने 375 लिहिले, त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याला काड्यांचे गठ्ठे देऊन दशक सुटा करण्यापासून शिकवावे लागेल. 325 लिहिणाऱ्याने दशकस्थानच्या शून्याचे नऊ केले, परंतु शतकस्थानच्या पाचातून एक कमी करायचे राहून गेले. त्याला शून्य असलेल्या संख्यांचा थोडा सराव पुरतो. गुण दोघांनाही शून्यच!

निम्म्याहून अधिक मुले एकाच प्रश्नात चुकली असतील, तर आधी प्रश्नाची भाषा तपासावी आणि ती निर्दोष असेल तर तो घटक सर्व वर्गाला पुन्हा शिकवावा. एरवी सारखी चूक करणाऱ्या चार-पाच मुलांचा तात्पुरता गट पुरेसा असतो. शाब्दिक उदाहरण चुकवणाऱ्या मुलाला ते मोठ्याने वाचून दाखवावे. त्याने ते लगेच सोडवले, तर अडचण गणितात नसून वाचनात आहे.

प्रगती मोजताना दोन चाचण्यांचे एकूण गुण थेट शेजारी मांडू नयेत, कारण प्रश्न आणि त्यांची काठिण्यपातळी वेगवेगळी असते. दोन्हींत आलेल्या समान निष्पत्तींचीच तुलना करावी आणि एक-दोन गुणांच्या फरकाला फारसे महत्त्व देऊ नये. 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणासारख्या नमुना पाहण्या जिल्ह्याचे चित्र दाखवतात. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाविषयी त्यांतून काहीही ठरवता येत नाही. परीक्षेच्या वेळी उत्तर सुचवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण सुचवलेल्या उत्तरामुळे ज्या मुलाला मदत हवी, त्याचेच नाव गटाच्या यादीतून गळते.