हळदीचा पिवळा स्क्रीनवर एक, कागदावर दुसरा? असा जुळवा

भाचीच्या हळदीचा फोटो घरच्या प्रिंटरवर काढला, तर ती मांडवात नाही, लोडशेडिंगमध्ये बसल्यासारखी दिसत होती. स्क्रीन नुकतीच कॅलिब्रेट केलेली, म्हणजे रंग मोजून बरोबर लावलेले, यंत्र लावून, रीतसर. मग बरेच दिवस रंगांशी झटापट केली. अर्धी शाई संपल्यावर उमगलं की घोळ रंगांत कमी आणि उजेडात जास्त होता. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १ : आधी उजेड

स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला खोलीतलाच. नवी स्क्रीन खोक्यातून निघते तेव्हा तिचा पांढरा बहुतेक वेळा चौरस मीटरला २५०-३५० कँडेला (डोळ्यांत येणाऱ्या उजेडाचं माप) इतका झगझगीत असतो. रात्री घरच्या दिव्याखाली टेबलावर १००-१५० लक्स (वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडत असेल, तर त्यात पांढरा कागद जेमतेम ३०-४० कँडेला परत देतो. प्रिंट काळवंडलेली दिसणारच! तोच कागद ५०० लक्समध्ये धरला की १४०च्या आसपास जातो.

तेव्हा दोन्हीकडून जवळ या. कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेसचं लक्ष्य १०० ते १२० कँडेला, पांढऱ्याचं तापमान (तो पिवळसर की निळसर, ते) ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ, ते) २.२ ठेवून स्क्रीन पुन्हा मोजा. त्याआधी ती अर्धा तास चालू असू द्या. नाइट लाइट आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद करा. एकदा मोजलं की ब्राइटनेसच्या बटणाला हात लावायचा नाही. घरात कोणी क्रिकेट बघायला तो वाढवला तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रिंट बघायला टेबलावर वेगळा दिवा हवा. ५००० केल्विनचा, आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला. स्वस्त एलईडी लाल रंगात कमी पडतात, चेहरे निस्तेज दिसतात. दिवा नसेल तर सकाळी दहा-अकराला खिडकीपाशी बघा, थेट ऊन टाळून. मग स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी डोळ्यांत येत असेल तर लक्ष्य अजून खाली आणून पुन्हा मोजा. कागद किंचित पिवळा किंवा निळा वाटेल, तो त्याचा स्वतःचा रंग. डोळा सवयीने सांभाळून घेतो.

पायरी २ : प्रिंटरची तब्येत

नोझल चेकचं पान काढा, म्हणजे शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणाऱ्या रेघांचं. एखादी रेघ तुटली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नका, दमट कागदावर शाई पसरते.

पायरी ३ : कागदाचं प्रोफाइल

प्रोफाइल म्हणजे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांची मिळून कुंडली. कागद बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या आपल्या साइटवर ही कुंडली, म्हणजे आयसीसी प्रोफाइलची फाइल, फुकट देतात. आपल्या प्रिंटरच्या मॉडेलचं उतरवून घ्या, विंडोजमध्ये त्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल करा. प्रोफाइलसोबत प्रिंटरमध्ये कुठला मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) निवडायचा तेही लिहिलेलं असतं; ते पाळा, कारण शाई किती पडणार हे त्यावर ठरतं. तिघांतलं एक बदललं की कुंडली चुकली. मी एकदा एका दुकानातून ‘अगदी तशीच’ म्हणून स्वस्त शाई आणून भरली, आणि भाचीच्या जांभळ्या शालूचा निळा शालू झाला.

पायरी ४ : रंग एकानेच सांभाळायचे

सगळ्यात जास्त कागद इथेच वाया जातो. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा आणि कागदाचं प्रोफाइल द्या. मग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तिथली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. एप्सनमध्ये तिला ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात. हे विसरलात तर रंग दोनदा दुरुस्त होतात आणि माणसं गुलाबी-जांभळी निघतात. एकाच भाजीत सासूनेही मीठ घातलं आणि सुनेनेही, तसं.

कागदाला न झेपणाऱ्या रंगांचं काय करायचं हे ‘रेंडरिंग इंटेंट’ ठरवतं; ते ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ ठेवा. काळ्यातले तपशील टिकावेत म्हणून ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’वर टिक करा. फोटोत भडक रंगांची गर्दी असेल तर ‘पर्सेप्च्युअल’ही करून बघावं.

पायरी ५ : छापण्याआधी स्क्रीनवरच छापून बघा

लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या डेव्हलप भागात ‘एस’ दाबलं की सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर फोटो कसा दिसेल त्याची झलक, दिसतं. फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम. ‘सिम्युलेट पेपर कलर’ (कागदाचा पांढरा दाखवणं) चालू करताच फोटो एकदम फिका पडतो. त्या क्षणी नजर दुसरीकडे वळवा आणि मग बघा, धक्का कमी बसतो. माझ्या फोटोत मागच्या झेंडूच्या माळा मॅट (बिनचमकीच्या) कागदावर विझल्या. तो केशरी त्या कागदाला झेपतच नाही, कितीही ओढाताण केली तरी. ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदावर बराच परत आला. काही रंग येणार नाहीत हे मान्य करून चेहऱ्यांचा रंग सांभाळावा, असं माझं मत.

पायरी ६ : पट्टी

अख्खा ए-४ छापू नका. चेहरा आणि हळद दोन्ही येतील असा तुकडा कापा, थोडा थोडा उजळ करत त्याच्या चार पट्ट्या एका ४×६ कागदावर छापा. लगेच निकाल देऊ नका. ताज्या शाईचा रंग सुकताना थोडा हलतो, रात्रभर राहू द्या. मागे पेन्सिलीने कागद, प्रोफाइल आणि किती उजळ केलं ते लिहा.

दिव्याखाली माझी दुसरी पट्टी स्क्रीनशी तंतोतंत जुळली होती. पण फोटो भाचीच्या हॉलमध्ये लागणार होता, तिथे एकच पिवळा बल्ब. म्हणून छापली तिसरी.