खांबाची चीर नुसती लिंपून भागत नाही

सांगलीतली आमची इमारत १९८७ची. २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, नंतर खांबांना उभ्या चिरा पडल्या. दोनदा गवंड्याकडून सिमेंट भरून घेतलं. पावसाळा सरला की चीर पुन्हा तिथंच. आतली सळई गंजून फुगत होती, वरून लिंपून काय होणार?

महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. आम्ही ती उशिरा केली, याचं वाईट वाटतं. त्यांनी हातोडीनं ठोकून पोकळ वाजणाऱ्या जागा खडूनं आखल्या. आधी छताला टेकू, मगच पोकळ काँक्रीटची तोडफोड. हे अजिबात चुकवू नका. सळई घासून गंजरोधक लावलं, वर पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा गिलावा.

इमारत मजबूत असल्याचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र महापालिकेत दिलं, त्या रात्री आई निवांत झोपली.